युरोपचं एकच सैन्य असावं का? आणि आपल्या मुलांनी त्यात जावं का?

नेकारकाठ :

जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून नवा सैन्यसेवा कायदा लागू झाला आहे. २००८ साली आणि त्यानंतर जन्मलेल्या जर्मन नागरिकांना अठरा वर्षं पूर्ण झाली की सैन्याकडून पत्र येतं. त्यात क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की प्रश्नावली उघडते. शिक्षण काय, तब्येत कशी, सैन्यात यायची कितपत तयारी आहे, असे प्रश्न. मुलग्यांना ती भरावीच लागते, मुलींना ऐच्छिक आहे. माझा थोरला या पहिल्याच वर्षातला. जन्म इथला, पासपोर्ट इथला, त्यामुळे पत्रही आलं.

यात अजून सक्ती नाही, हे आधी स्पष्ट करते, कारण नातेवाइकांचे काळजीचे फोन सुरू झालेत. जायचं की नाही हे मुलाने ठरवायचं. गेला तर महिन्याला कर कापण्याआधी साधारण २,६०० युरो, आणि निदान वर्षभर राहिला तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या खर्चाला मदत. इथे लायसन्स काढणं किती महाग पडतं हे ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे, अठरा वर्षांच्या मुलाला त्याचा मोह पडणारच. मात्र स्वेच्छेने पुरेसे तरुण आले नाहीत तर बुंडेस्टाग, म्हणजे इथली संसद, वेगळा कायदा करून सक्ती आणू शकते. आज सैन्यात एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास माणसं आहेत, २०३५ पर्यंत ती २,६०,००० करायची आहेत. ५ डिसेंबर २०२५ ला बुंडेस्टागने कायदा मंजूर केला त्याच दिवशी बऱ्याच शहरांत शाळेतली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली होती.

आमच्या घरात हा विषय रोज निघतो. मुलगा म्हणतो, "नुसत्या जर्मनीसाठी नाही जाणार. युरोपचं सैन्य असतं तर विचार केला असता." त्याच्या वर्गात क्रोएशियन, ग्रीक, पोलिश घरांतली मुलं आहेत. आपण सगळे एकाच बाजूचे, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

कल्पना नवी नाही. २०१८ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन 'खऱ्या युरोपीय सैन्या'बद्दल बोलले, मागोमाग जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केलनी युरोपीय संसदेत तेच मांडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत युक्रेनच्या झेलेन्स्कींनी युरोपचं सैन्य उभारायची वेळ आली म्हणून सांगितलं. तरीही असं सैन्य आज नाही. का नाही, असावं का, आणि विशीच्या आतल्या मुलाने या नोकरीकडे कसं बघावं? युरोपात राहणाऱ्यांनी आणि सैन्यात आयुष्य काढलेल्यांनी जरूर लिहावं.


मोडीवाचक :

चांगला विषय. ताई, हे सैन्य एकदा जवळजवळ झालंच होतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि सोव्हिएत रणगाडे पश्चिम युरोपात आले तर काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. अमेरिकेला पश्चिम जर्मनीचे सैनिक हवे होते. महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, त्यामुळे फ्रान्सच्या अंगावर काटा आला. फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हाँ यांनी त्या ऑक्टोबरात तोड काढली : जर्मन सैनिक घ्या, पण जर्मन सैन्य नको. सगळ्यांचं मिळून एकच सैन्य करा, एक गणवेश, एक अंदाजपत्रक, आणि जर्मन तुकड्या त्यातच विरघळवा. २७ मे १९५२ ला पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करारावर सह्या केल्या.

मग फ्रान्सनेच तो बुडवला. ३० ऑगस्ट १९५४, फ्रेंच नॅशनल असेंब्ली, ३१९ विरुद्ध २६४. राष्ट्रवादी नेते द गॉल यांचे अनुयायी आणि कम्युनिस्ट एका बाजूला आले, एरवी ते एकमेकांचं तोंड बघत नसत. दरम्यान स्टालिन वारला होता, कोरियातली लढाई थांबली होती, आणि मे महिन्यात व्हिएतनाममधला दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला होता. वसाहतींत लढणारं सैन्य आपल्या हातातून जाणार, ही धास्ती फ्रेंचांना जर्मनांच्या भीतीइतकीच मोठी वाटली. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी सरळ नाटो या पाश्चात्य लष्करी आघाडीत गेला आणि स्वतःचं सैन्य उभारून बसला. म्हणजे जे टाळायला हा सगळा खटाटोप होता, तेच झालं.

माझं मत : त्या मतदानात युरोपने मोठी संधी घालवली. भीती ताजी असताना माणसं जेवढं द्यायला तयार होतात तेवढं नंतर होत नाहीत.


लिफीकाठची :

मी डब्लिनला नर्स आहे. इथे 'युरोपीय सैन्य' म्हटलं की लोक सावध होतात. जून २००८ मध्ये आयर्लंडने युरोपीय संघाचा लिस्बन करार सार्वमतात फेटाळला, तेव्हा आपली मुलं युरोपच्या सैन्यात सक्तीने नेतील ही भीती घराघरात बोलली गेली होती. तसं होणार नाही अशी हमी युरोपीय संघाला द्यावी लागली, मग २००९ च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा मतदान होऊन करार पास झाला. आयर्लंडच्या राज्यघटनेतच सामायिक संरक्षणात सामील व्हायला मनाई आहे. ऑस्ट्रिया आणि माल्टाही तटस्थ. आता करारात म्हटलंय की सामायिक संरक्षणासाठी सगळ्या सरकारांचं एकमत लागेल. सत्तावीस देशांचं एकमत कशावर होतं सांगा.

आणि मला ते व्हायलाही नको आहे. नाटोच्या हेग परिषदेत २०२५ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या पाच टक्के संरक्षणावर आणि त्याला पूरक कामांवर खर्च करायचं ठरलं, २०३५ पर्यंत. हे पैसे कुठून येणार? मी ज्या वॉर्डात काम करते तिथे रात्री किती माणसं कमी असतात ते मी बघते. नेकारकाठ ताई, २,६०० युरो आणि लायसन्स हे कोणाच्या मुलांना भुरळ घालणार? डॉक्टर-वकिलांच्या नाही. जर्मन सैन्य सतरा वर्षांच्या मुलांनाही आईवडिलांच्या संमतीने घेतं, त्यावर बालहक्कवाले कधीपासून आक्षेप घेतायत. करिअर म्हणून जे गोंडस चित्र दाखवलं जातं त्याला माझा मनापासून विरोध आहे.


उत्तरध्रुवी :

लिफीकाठची, तुमचं म्हणणं डब्लिनमधून बरोबर दिसत असेल. मी हेलसिंकीजवळ राहतो. इथून रशियाची सीमा गाडीने काही तासांवर आहे आणि ती सीमा १,३०० किलोमीटरहून लांब आहे. फिनलंडची लोकसंख्या छप्पन लाख, म्हणजे पुणे शहर आणि आसपासचा परिसर धरला तर त्याहून कमी. पण युद्ध झालं तर २,८०,००० माणसं वर्दीत उभी राहतात. मुलग्यांना सेवा सक्तीची : १६५, २५५ किंवा ३४७ दिवस, कामाप्रमाणे. मुली १९९५ पासून स्वेच्छेने जातात.

माझ्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी माणसं मधूनच राखीव दलाच्या सरावाला जातात आणि परत येऊन उरलेली कामं उघडतात. कोणी त्याचं कौतुक करत नाही, कोणी नाक मुरडत नाही. बँकेतला मॅनेजर आणि बस चालवणारा एकाच तंबूत झोपलेले असतात. गरिबांचीच पोरं जातात हा प्रश्न इथे उठत नाही, कारण सगळ्यांचीच जातात. स्वीडनने २०१७ मध्ये सक्तीची सेवा परत आणायचं ठरवलं आणि त्यात मुलीही घेतल्या. नॉर्वेने त्याआधीच. डेन्मार्कने जुलै २०२५ पासून.

पण एकच सैन्य? इथल्या कोणालाही विचारा, नको म्हणतील. संकट आलं तर पहिल्या काही तासांतच निर्णय लागतो, आणि तो हेलसिंकीतच व्हायला हवा. शेजारी मदतीला येतील याची लेखी खात्री हवी, म्हणून तर एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेलो.


सह्यकडा :

सातारा जिल्ह्यातला आहे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. युरोपातलं राजकारण तुम्ही मंडळी जास्त जाणता. मी सैनिकाच्या बाजूने लिहितो.

भाषेची अडचण लोक नेहमी पुढे करतात, चोवीस अधिकृत भाषा आहेत म्हणे. आमच्याकडे काय कमी भाषा बोलल्या जातात? आमच्या पलटणीत तामिळ अधिकारी यायचा, सहा महिन्यांत जवानांशी मराठीत बोलायचा, आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणताना त्याचा आवाज आमच्यापेक्षा मोठा असायचा. शेजारी शीख पलटण, पलीकडे मद्रास रेजिमेंट. भाषा, जेवण, देव वेगळे असले तरी सैन्य एक होतं. कारण हुकूम एका ठिकाणाहून येतो, पगार एका तिजोरीतून येतो, आणि जवान गेला तर त्याच्या घरच्यांना जाब विचारायला एक सरकार असतं. ही तीन असली की बाकी सगळं जमतं. नसली तर गणवेश एक शिवून काही होत नाही.

याची दुसरी बाजूही आमच्या पलटणीच्या इतिहासातच आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता गेले. सगळे साथीदार पडले तरी एकटे मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माँतोने गावात आज त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या शौर्यापुढे मान झुकते. पण तीन सप्टेंबर १९३९ ला भारत युद्धात आहे हे व्हाइसरॉय लिनलिथगोनी परस्पर जाहीर केलं, एकाही भारतीयाला विचारलं नाही. पळसगावच्या माणसांचं त्या हुकमात मत नव्हतं. युरोपच्या सैन्याबद्दल बोलताना माझ्या डोक्यात हेच येतं. ज्याच्या पोराला पाठवायचं, त्याचं मत त्या हुकमात आहे का?


नेकारकाठ :

सह्यकडा काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने माझ्या मनातलं नेमकं पकडलं.

जर्मनीत सैन्य देशाबाहेर पाठवायचं तर बुंडेस्टागची परवानगी लागते. १९९४ मध्ये घटना न्यायालयाने तसा निकाल दिला. किती सैनिक, कुठे, कधीपर्यंत, हे सगळं ठरावात लिहिलेलं असतं आणि त्यावर खासदारांना हात वर करावा लागतो. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष हुकूम देतात, तीन दिवसांत संसदेला कळवतात, आणि मोहीम चार महिन्यांपुढे चालली तरच संसदेचं मत घेतलं जातं.

आता या दोघांना एकत्र बांधलं की काय होतं ते बघा. १९८९ पासून फ्रान्स आणि जर्मनीची एक संयुक्त ब्रिगेड आहे, मुख्यालय म्युलहाइमला, आमच्यापासून फार लांब नाही. एका ब्रिगेडमध्ये दोन्ही देशांच्या तुकड्या. २०१८ मध्ये ती मालीला गेली. फ्रेंच सैनिक दहशतवाद्यांशी लढणाऱ्या बारखान मोहिमेत गेले, जर्मन सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या आणि युरोपीय संघाच्या प्रशिक्षणाच्या मोहिमेत. त्याच देशात, एकाच ब्रिगेडची माणसं, पण वेगळे हुकूम आणि वेगळे नियम. तीस वर्षं एकत्र सराव करून लढायची वेळ आली तेव्हा दोन संसदांच्या दोन वाटा झाल्या.

युरोपीय संघाचे बॅटलग्रुप २००७ पासून तयार आहेत, प्रत्येकी साधारण १,५०० सैनिक, आळीपाळीने देश ते सज्ज ठेवतात. आजवर एकदाही पाठवले गेले नाहीत. सैनिक होते, सामान होतं. पाठवा असं सगळ्यांनी मिळून म्हणणारं कोणी नव्हतं.

म्हणून माझं मत सांगते. उद्या ब्रुसेल्समध्ये बसलेली कुठलीशी समिती माझ्या मुलाला पाठवू शकेल अशी व्यवस्था झाली तर मी त्याच्या विरोधात मत देईन. युरोपीय संसदेला तो हक्क मिळाला, तिथल्या खासदाराला मी निवडणुकीत जाब विचारू शकले, तर वेगळं. तोपर्यंत तरी मला माझ्या मुलामागे बुंडेस्टागचं मतदान हवं आहे.


डेल्फ्टवासी :

ताई, वरून येणाऱ्या हुकमाबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं, पण खालून जे चाललंय ते फार कमी लोकांना माहीत असतं.

नेदरलँड्सने २०११ मध्ये काटकसर म्हणून आपले सगळे रणगाडे सेवेतून काढायचं ठरवलं. रणगाडे चालवायला शिकलेली माणसं मात्र गमवायची नव्हती. मग डच रणगाडा सैनिक जर्मन बटालियनमध्ये गेले, बर्गन परिसरातल्या ४१४ व्या पँझर (रणगाडा) बटालियनमध्ये. लेपर्ड रणगाडे, काही डच आणि बरेच जर्मन चालक, वर जर्मन कमांडर. आज डच सैन्याच्या तिन्ही लढाऊ ब्रिगेड जर्मन डिव्हिजनांशी जोडलेल्या आहेत. एक सार्वभौम देश आपलं सगळं भूदल शेजाऱ्याच्या डिव्हिजनांत गुंफतो, तेही १९४० मध्ये ज्याने रॉटरडॅम बेचिराख केलं त्या शेजाऱ्याच्या. याची बातमी कुठे पहिल्या पानावर आली नाही, पण माझ्या दृष्टीने गेल्या पन्नास वर्षांत युरोपात सैन्याच्या बाबतीत झालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. २०२४ मध्ये डच सरकारने पुन्हा स्वतःचे रणगाडे घ्यायचं ठरवलं, आणि जर्मनांचेच लेपर्ड निवडले.

आइंडहोवनच्या विमानतळावर हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचा ताफा आहे, तो अनेक देशांनी मिळून घेतलाय. एकट्या देशाला परवडला नसता. हे वाढवावं. युरोपात १७ प्रकारचे मुख्य रणगाडे, अमेरिकेकडे एक, असं युरोपीय आयोगानेच २०१७ मध्ये मांडलं होतं. शस्त्रप्रणाली एकूण १७८ विरुद्ध ३०. प्रत्येक प्रकाराचे वेगळे सुटे भाग, वेगळे मेकॅनिक, वेगळं प्रशिक्षण. युक्रेनला वेगवेगळ्या देशांनी दिलेल्या १५५ मिलिमीटरच्या तोफांत एकमेकांचे गोळे वापरताना अडचणी आल्या, आणि त्या गोळ्यांवर माणसं जगणार-मरणार होती. लिफीकाठची, पैशाबद्दल तुमचा राग योग्य आहे, पण पैसा सगळ्यात जास्त इथे वाया जातो. सामान एक करा, तेवढ्याच पैशात बरंच भागेल.


लिफीकाठची :

सामान एक करण्याला माझा विरोध नाही. तेवढा वाचलेला पैसा इस्पितळात आला तर पहिला हार मी घालीन. तरुणांच्या भरतीबद्दल मात्र मी म्हटलं त्यावर कोणी बोललं नाही.


सह्यकडा :

मी बोलतो. ताई, गरिबाघरची पोरं सैन्यात जातात यात वाईट काही नाही, आम्हीही तसेच गेलो. आमच्या भागात अपशिंगे गाव आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, घरटी कोणी ना कोणी सैन्यात. पोटासाठी गेले आणि इज्जतही मिळाली. बघायचं ते एवढंच की पोरगा बाहेर पडेल तेव्हा त्याच्या हातात काय असेल. आपल्याकडे २०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस कायम होणार. बाकीच्यांना सेवानिधीचे एकरकमी ११ लाख ७१ हजार, पेन्शन नाही. पंचविशीच्या आत घरी यावं लागणाऱ्या पोराच्या बापाशी बोललं की कळतं त्याला काय काळजी असते.

जर्मनीत यातलं काय आहे, नेकारकाठ?


नेकारकाठ :

काका, इथे बाहेर पडताना शिक्षणाची सोय सैन्याकडूनच असते. जितकी वर्षं सेवा, त्या प्रमाणात पुढच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि काही काळ पैसेही. अधिकारी व्हायचं तर सैन्याची स्वतःची दोन विद्यापीठं आहेत, हॅम्बुर्गला आणि म्युनिकजवळ नॉयबिबर्गला, १९७३ पासून. इंजिनिअरिंगपासून अर्थशास्त्रापर्यंत पदव्या, शिकताना पूर्ण पगार. त्या बदल्यात साधारण तेरा वर्षांचा करार. अठराव्या वर्षी तेरा वर्षं लिहून देणं म्हणजे तिशी ओलांडेपर्यंतचं आयुष्य लिहून देणं. मुलाला मी सांगितलं, आधी सहा महिने किंवा वर्ष करून बघ, मग लांबचा विचार.

युरोपच्या पातळीवर करिअर म्हणाल तर २००८ पासून तरुण अधिकाऱ्यांची देवाणघेवाण चालते, विद्यार्थ्यांच्या इरास्मससारखी. फ्रेंच कॅडेट जर्मनीत, पोलिश इटलीत. माझ्या मते युरोपच्या सैन्याचं बी कुठे असेल तर इथे आहे. सतरा-अठरा वर्षांचे एकत्र शिकलेले लोक पंचवीस वर्षांनी जनरल होतील, तेव्हा एकमेकांना फोन करताना ओळख करून द्यावी लागणार नाही.


इसारतीर :

म्युनिकहून. एक व्यावहारिक शंका. आमच्या मुलीकडे जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) आहे. ती हौसेने फॉर्म भरायला निघालीय. ओसीआयचं काय होतं?


नेकारकाठ :

हे प्रत्येक मराठी आईवडिलांनी आधी वाचायला हवं. परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही, हे भारताच्या गृह मंत्रालयाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. नुसती प्रश्नावली भरल्याने ती सैनिक होत नाही, तेवढं बिनधास्त भरू द्या. पण करारावर सही करण्याआधी कॉन्सुलेटला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. आजीआजोबा भारतात असतील तर हा छोटा प्रश्न नाही, पुढे प्रत्येक वेळी व्हिसा काढून जावं लागू शकतं.


पंचगंगा_२० :

नमस्कार. मी कोल्हापूरचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सैन्यात जायची लहानपणापासून इच्छा. इकडच्या भरतीत नंबर लागला नाही. एक एजंट म्हणतो युरोपात सैन्यात लावतो, पगार दोन लाखांवर. अजून पैसे दिलेले नाहीत. जावं का?


डेल्फ्टवासी :

भाऊ, एक रुपयाही देऊ नकोस. जर्मन सैन्यात सैनिक व्हायला जर्मन नागरिकत्व लागतं. युरोपीय संघाचं स्वतःचं सैन्यच नाही, वरचा सगळा धागा त्यावरच आहे, मग त्यात भरती कसली? परदेशी माणसाला घेणारी प्रसिद्ध फौज म्हणजे फ्रान्सची फॉरेन लीजन. तिथे स्वतः फ्रान्सला जाऊन उभं राहावं लागतं, निवड फुकट असते, करार पाच वर्षांचा असतो आणि आयुष्य फार खडतर असतं. एजंटाचा तिथे काही संबंध नाही.

आणि रशियाचं काय झालं ते आठव. हेल्परची, सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून एजंटांनी भारतातली पोरं नेली आणि युक्रेनच्या आघाडीवर उभी केली. त्यातली अनेक परत आलीच नाहीत. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने त्या एजंटांवर छापे घातले. तुझा एजंट लेखी काही देतोय का? देत असेल तर जपून ठेव आणि पोलीस ठाण्यात दाखव.


सह्यकडा :

पंचगंगा, बाळा, डेल्फ्टवासी म्हणतात ते शंभर टक्के खरं. त्या माणसाचा फोन घेऊ नकोस.

पदवी पूर्ण कर. जवान म्हणून नंबर लागला नाही म्हणजे दारं बंद झाली असं नाही. पदवीनंतर सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा देता येते, ती युपीएससी घेते. कॉलेजात एनसीसी केली असशील आणि 'सी' प्रमाणपत्र असेल तर अधिकारी म्हणून वेगळा प्रवेश आहे, त्यात लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत. इंग्रजी आणि गणित आजपासून धर, रोज पळ. एनसीसी आहे का नाही ते आधी सांग, त्याप्रमाणे पुढचं लिहितो.


पंचगंगा_२० :

आहे काका. 'बी' झालंय, 'सी'ची परीक्षा याच वर्षी आहे.


सह्यकडा :

मग ती चांगल्या श्रेणीत काढ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, आमच्या भागातून त्या वाटेने गेलेल्या पोरांशी गाठ घालून देतो.